टेकूला लावलेले पाट

आमच्या पडवीत, ज्वारीच्या कोठीशेजारी, पाटांची एक चळत आहे. काही सागाचे, काही आंब्याचे, आणि एक बाभळीचा, इतका जड की उचलताना कंबर धरते. दोन-तीन पाटांवर पितळी फुलं ठोकलेली. एकाला मधोमध चीर गेलीय. लग्नघरातून कोणी पाट मागायला आलं तर मी आतले नवे काढून देते, दौंडच्या बाजारातून आणलेले. या चळतीतला देत नाही. गावात नवी नांदायला आलेली एखादी पोर म्हणते, "आज्जी, हितं तर एवढे पाट पडल्यात की." मग तिची सासू तिला कोपरानं ढोसते.

पाटांचं सांगायचं तर आधी आमच्या मालकांचं सांगायला हवं.

मालक रेल्वेत होते, दौंडला. रुळावरून घसरलेले डबे उचलायला जी गाडी जाते, त्या गाडीवर त्यांचं काम. स्टेशनात येणाऱ्या-जाणाऱ्याला ती गाडी दिसत नाही. ती आपली बाजूच्या रुळावर उभी असते, पोटात लाकडाचे ठोकळे, साखळ्या, जॅक भरून. भोंगा झाला की हातातला घास ताटात टाकून पळायचं. मी धनगराची पोर. माझा बाप मेंढरं घेऊन दर साली कोकणात उतरायचा, तेव्हा माणूस अचानक उठून जातो याची मला सवय होती. पण बाप जाताना सांगून जायचा. हे भोंग्यावर जायचे.

परत आले की आंघोळ करून जेवायला बसायचे आणि मग त्यांना बोलायला लागायचं. पोरं निजलेली, ऐकायला मीच. पोळपाट तिरका धरायचे, त्यावर वाटी पालथी घालायचे आणि म्हणायचे, "हे बघ, हा डबा पडलाय. सगळ्यांला वाटतं पडला म्हंजी झालं. पन पडलेला डबा निजलेला नसतो गं. त्यो टेकाया जागा हुडकत असतो. आत मानूस वरडतंय म्हनून तू पळत जाऊन ओढाया लागलीस, की त्यो तुझ्यासकट दुसरीकडं टेकतो."

"मग काय करायचं?"

"त्याला जिथं टेकायचंय तिथंच टेकू द्यायचा. इकडनं द्यायचा, तिकडनं द्यायचा. त्याचं मन भरलं की मग मानसाला हात घालायचा."

"माझा पोळपाट द्या आता," मी म्हणायचे. "तुमचा डबा भाकरी थापू देईना."

हसायचे. पण दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच. दगड घालू नये, दगड निसटतो. वीट घालू नये, वीट वरून चांगली दिसते आणि आतून फुटते. लाकूड घालावं. लाकूड दबतं, करकरतं, मोडायच्या आधी ओरडून सांगतं. ठोकळे आडवे-उभे, आडवे-उभे रचत न्यायचे. शेवटची फट उरते ती पाचर मारून भरायची. आणि टेकू लावला की त्याच्यापाशी एक माणूस बसवायचा, दुसरं काही काम न देता. त्यानं फक्त बघायचं, हलतंय का. हे सगळं मी ऐकलं ते भाकरी थापता-थापता. एका कानानं. त्याचा मला कधी उपयोग होईल असं ना त्यांना वाटलं, ना मला.

पेन्शनीत निघाल्यावर आम्ही गावाकडं आलो, वडगाव रासाईच्या बाजूला, भीमेच्या अलीकडं. धाकटे दीर रान बघत होते. एकाच अंगणात दोन घरं, एक त्यांचं, एक आमचं. समोरून रस्ता जातो आणि आमच्या घरापुढंच त्याला वळण आहे. वळणाच्या आतल्या बाजूला ऊस, बाहेरच्या बाजूला पाण्याची चारी. ऊस डोक्याएवढा झाला की पलीकडून काय येतंय ते दिसत नाही. हंगामात उसाच्या ट्रॉल्या तिथं हमखास उलटायच्या. कोणाला त्याचं काही वाटायचं नाही. ट्रॉली उलटली की पोरं गोळा व्हायची, कोणीतरी ट्रॅक्टर आणायचा, साखळी अडकवायची, एक झटका, ट्रॉली उभी. ऊस पुन्हा भरायचा. चहा व्हायचा. आमच्या गावातल्या कुठल्याही बाप्याला झोपेतून उठवून विचारलं असतं, गाडी उलटलीय काय करू, तर तो म्हणाला असता, साखळी आण.

आता माझ्या जावेचं.

ती माझ्यापेक्षा बरीच लहान. लग्न होऊन आली तेव्हा मी दौंडहून आले होते, तिला हळद लावली ती मीच. तोंडाची फटकळ, मनाची मऊ. घरचं रान असून बायकांची टोळी घेऊन दुसऱ्यांच्या कांद्याला जायची, कारण घरात एकटीला करमायचं नाही. मला म्हणायची, "आक्का, तुमी रेल्वेच्या कॉटरात राहून आळशी झालाय. नळाच्या पान्यानं मानूस बिघडतं." दीर बोलायला कमी. दिवसात जी काही चार वाक्यं बोलायचे, त्यातली तीन ट्रॅक्टरविषयी. ट्रॅक्टर जुना. चालताना मधेच त्याला उचकी लागायची, फट फट फट, मग थांबल्यासारखा, मग पुन्हा फट. तो आवाज नदीच्या अंगाला ऐकू आला की जाऊ तवा चुलीवर टाकायची. दीर हात धुऊन येईपर्यंत पाट मांडलेला, पुढं ताट. घरात टेबल आलं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या, तरी दीर पाटावरच बसायचे आणि ती समोर भिंतीला टेकून बसायची, स्वतः न जेवता, गावातल्या बातम्या सांगत. दीर हूं म्हणायचे.

"तुमच्या ट्रॅक्टरला उचकीचं औशद द्या," ती म्हणायची. "सारखं कोन आठवन काढतंय त्याची?"

"तूच काढत असशील," दीर म्हणायचे. एवढा त्यांचा विनोद.

मालक गेले. आणखी काही वर्षं गेली. ती होती म्हणून मला घर खायला उठलं नाही.

त्या दिवशी सकाळी कांदा काढणीला पलीकडच्या तालुक्यात जायचं होतं. पिकअप आली, बायका मागच्या हौद्यात चढल्या. ती शेवटी चढली, नेहमीसारखी, सगळ्यांची मोजदाद करून. मी अंगणात धुणं भिजवत होते. मला म्हणाली, "आक्का, त्यांना दूध तापवून द्या, त्यांना साय लागती आन् त्ये सांगत न्हाईत." पिकअप गावात आणखी दोघींना घ्यायला गेली आणि फिरून आमच्याच वळणावरून निघाली.

समोरून उसाच्या आडून एक मोटरसायकल आली. पिकअपवाल्यानं तिला वाचवलं. गाडी चारीच्या भरावावर चढली आणि आडवी झाली.

बायका बांधावर, पाण्यात, रस्त्यावर फेकल्या गेल्या. कोणाचा हात, कोणाचं डोकं. मी पोहोचेपर्यंत गावातले लोक माझ्या आधी पोहोचले होते. माझे गुडघे, अंगण ते वळण मला लांब झालं. निम्म्या वाटेवर असताना तो आवाज ऐकला. फट फट फट, उचकी, फट. दीर ट्रॅक्टर घेऊन आले होते. शेजारच्याच रानात होते, कोणीतरी ओरडून सांगितलं असणार, तुमची बायकू खाली हाय.

तिची कंबर आणि डावा पाय पिकअपच्या हौद्याच्या कडेखाली होता. बाकी अंग बाहेर, भरावाच्या मऊ मातीत. शुद्धीवर होती.

दिरांनी ट्रॅक्टर रस्त्यावर आडवा घातला, साखळी पिकअपला अडकवली आणि ओढली. कोणी नको म्हणालं नाही. सगळे हो म्हणत होते. सगळ्यांना तेच माहीत होतं. पिकअप वर आली, हातभर आली असेल, लोक म्हणाले आली, आली, आणि दोघं तिला खेचायला वाकले. मग ट्रॅक्टरचं मागलं चाक रस्त्यावर सांडलेल्या उसाच्या वाढ्यावर, ओल्या हिरव्या शेंड्यांवर फिरलं. साखळी सैल पडली. पिकअप परत बसली. मागं होती तिथं नाही. थोडी खाली, चारीकडं.

हे मी डोळ्यांनी बघितलं. लांबून.

दीर पुन्हा गिअर टाकत होते. त्यांचं तोंड मला आजही दिसतं, त्यावर काहीच नव्हतं. मी ट्रॅक्टरच्या पुढं जाऊन उभी राहिले. दीर ओरडले, "वैनी, सरका."

"भावजी, टेकू," मी म्हणाले. दम लागला होता, दुसरा शब्द निघेना. "टेकू लावा आधी. टेकू."

"कशाचा टेकू? मरंल ती."

"साखळी अशीच ताणून धरा. ओढू नका. सोडू बी नका."

त्यांनी माझं का ऐकलं, मला माहीत नाही. थोरल्या वहिनीच्या अंगावर ट्रॅक्टर घालता येत नाही म्हणूनही असेल. त्यांनी ब्रेकवर पाय दाबून धरला आणि साखळी ताणलेली ठेवली.

लोक दगड आणायला धावले. मी म्हणाले, दगड नको. कोणी विटा आणल्या, घरकुलाच्या ढिगातल्या. मी म्हणाले, विटा नको, लाकूड आणा. आणि मग सगळे एकमेकांकडं बघायला लागले. कारण लाकूड कुठं आहे? आमच्या आळीत चौकटी लोखंडी झाल्या, खाटा लोखंडी झाल्या, छपरं पत्र्याची झाली. जळणाला गॅस आला, चुलीला उरल्या त्या काटक्या. पडलेल्या पिकअपखाली घालावं असं लाकूड गावात राहिलंच नव्हतं.

"पाट आणा," मी म्हणाले. "घराघरातले पाट आणा."

बायका पळाल्या. ज्यांना लागलं होतं त्याही उठल्या. लग्नातले पाट, पूजेचे पाट, माळ्यावर टाकलेले, देव्हाऱ्याखालचे. एकीनं देव खाली उतरवून ठेवले आणि पाट ओढून आणला. मी भरावाच्या कडेला बसले आणि रचायला लागले. पाटाला खाली दोन पट्ट्या असतात, त्यामुळे एकावर एक नीट बसेनात, डुगडुगायला लागले. मग एक सुलटा ठेवला, त्यावर एक उलटा, पाठीला पाठ. त्याच्या पट्ट्या वर आल्या, त्यावर पुढचा सुलटा, पण आडवा, पट्टीवर पट्टी. बसला. मालक वाटी-पोळपाटावर करून दाखवायचे तसंच. चारीच्या बाजूनं एक चवड, चाकाच्या बाजूनं एक. शेवटी चार बोटं फट उरली. एकीनं हातातलं धोपाटणं पुढं केलं, धुणं सोडून तशीच आली होती. धोपाटण्याचं निमुळतं टोक फटीत घातलं आणि दुसऱ्या लाकडानं ठोकलं. लाकूड करकरलं. एक पाट मधोमध तडकला, आवाज झाला, सगळे मागं सरले. पण तडकून तो तसाच राहिला. मग करकर थांबली.

कडेच्या पाटावर आणि हौद्याच्या पत्र्यावर मिळून मी चिखलाची एक रेघ ओढली. एका म्हातारीला तिथं बसवलं. म्हणाले, "मावशी, ही रेघ तुटती का एवढंच बघायचं. दुसरीकडं बघायचं न्हाई." तिनं शेवटपर्यंत मान हलवली नाही.

मग मी जावेजवळ जाऊन तिच्या डोक्याशी बसले. गडी फावडी घेऊन तिच्या खालची माती काढायला लागले. गाडी उचलायची नाही, खालची जमीन काढून घ्यायची, हे एका पोरानं सुचवलं, कोण ते आठवत नाही, त्याचं भलं होवो. माती ओली होती. फावडं जपून चालत होतं. वेळ लागत होता.

ती मला म्हणाली, "आक्का, आता तरी तुमाला मान मिळाला. थोरली वर, धाकली खाली."

मी म्हणाले, "गप बस. बोलू नको."

"बोलले न्हाई तर झोप येती."

"मग बोल."

"कांदा काढायचा राहिला. कांदेवाल्याला फोन करा."

"करते."

"पाय हाय का माझा?"

मी बघितलं नाही. म्हणाले, "हाय."

थोडा वेळ ती डोळे मिटून होती. मी तिच्या गालावर चापट मारली. तिनं डोळे उघडले आणि ट्रॅक्टरकडं मान वळवायला बघितलं. वळेना. साखळी ताणलेली, इंजिन चालू, उचकी चालू.

"मी पडल्या पडल्या वळीखला," ती म्हणाली. "लांबनं. म्हनलं, आले. मग मला भ्या वाटलं न्हाई."

"बरं."

"त्यांना म्हनावं, जेवून घ्या."

ती रेघ तुटली नाही. माती काढून तिच्या कमरेखाली पोकळी झाली, बायकांनी गोधडी सरकवली आणि गोधडीसकट तिला बाहेर घेतलं. पिकअप तसूभर हलली नाही. तोवर अँब्युलन्स आली. दीर ट्रॅक्टरवरून उतरले, तेव्हा ब्रेकवरचा पाय त्यांना उचलता येईना, धरून उतरवलं. ते अँब्युलन्समध्ये चढले. मीही चढले. पूल ओलांडेपर्यंत ती बोलत होती. नंतर पाणी मागितलं, ते द्यायचं नाही म्हणाले. दौंडच्या दवाखान्यात तिला आत नेलं. दुपार उलटून गेल्यावर डॉक्टर बाहेर आले.

आतल्या आत रक्त गेलं, म्हणाले. दिरांनी एकच विचारलं, "साहेब, गाडी परत बसली तवा झालं का, आधीच झालं हुतं?" डॉक्टर तरुण होते. त्यांनी चष्मा काढला, परत घातला, आणि म्हणाले, काका, ते सांगता येत नाही. त्यांनी खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. दिरांना ते खोटं कळलं असतं.

दिवसकार्य झालं. पाट आमच्या अंगणात आणून ठेवले होते, चिखलाचे. मी ते धुतले. ज्याचा त्यानं न्यावा म्हणून ओट्यावर लावून ठेवले. कोणी आलं नाही. एकदोघींना मी घरी जाऊन म्हणाले, तुमचा सागाचा तो पाट. त्या म्हणाल्या, राहू द्या आक्का. कोणाला वाटलं अशुभ झाले, कोणाला वाटलं आता त्यावर बसून कसं जेवायचं. ज्या घरानं देवाखालचा पाट दिला होता, त्यांनी देव स्टीलच्या ताटलीत ठेवले, पण पाट नेला नाही. मग मी ते पडवीत रचले. तिचा स्वतःचा पाटही त्यात होता, तिनं लग्नात आणलेला, ज्यावर दीर रोज बसायचे. कोणी पळत जाऊन त्यांच्याही घरातून आणला होता. तडकला तो तोच.

दिरांचं जेवण आता माझ्याकडं. मी पाट मांडला, नवा, तर ते दारातूनच म्हणाले, "नगं वैनी, हितंच द्या." ओट्याच्या पायरीवर ताट घेऊन बसायचे, कधी ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून, कधी उभ्यानंच. ट्रॅक्टर तसाच उभा. रान भाड्याच्या ट्रॅक्टरनं नांगरायचे. त्यांच्या दोघी पोरी सासरी, येऊन जाऊन असायच्या, त्यांच्याशीही बोलणं नाही. माझ्याशी मात्र बोलायचे. एकच.

"वैनी, तुमी तिच्यापाशी हुता. त्या ओढीनंच झालं का?"

"मला ठाव न्हाई, भावजी."

"तुमी टेकूचं आधी बोलला असता तर?"

"मी पोचलेच न्हवते."

"व्हय. मीच आधी पोचलो." मग पुन्हा, "ती काय म्हनली?"

मी सांगायचे. आवाज लांबनं वळीखला. म्हनली, आले. मग भ्या वाटलं न्हाई. जेवून घ्या म्हनली. दरवेळी तेच, तेवढंच. एकदा मी थकले होते आणि एक वाक्य गाळलं, तर त्यांनी मला थांबवलं. "भ्या वाटलं न्हाई, हे राहिलं."

असं करत उसाचा पुढचा हंगाम आला, गेला, आणखी एक आला.

मग एका संध्याकाळी, उजेड होता अजून, वळणावर पुन्हा आवाज झाला. मी आत होते. बाहेर येते तर पडवीतून दीर पाट उचलत होते. दोन्ही बगलांत दोन-दोन. मला म्हणाले, "वैनी, बाकीचे घेऊन कुनालातरी पाठवा," आणि पळाले. इतक्या दिवसांत त्यांना पळताना मी बघितलं नव्हतं.

भाजीचा टेम्पो होता, चारीच्या तोंडावर कलंडलेला, पुढचं एक चाक अधांतरी. ड्रायव्हर केबिनमध्ये, पाय दाबला गेलेला, हिंदीतून देवाचं नाव घेत. टोमॅटोचे कॅरेट रस्ताभर. गर्दी जमली होती, बरीचशी येणारी-जाणारी, परगावची. एक जण ट्रॅक्टर थांबवून साखळी सोडवत होता. मी पोहोचले तेव्हा दीर टेम्पो आणि गर्दी यांच्यामध्ये हात पसरून उभे होते. माझे दीर, जे हूंच्या पलीकडं बोलत नाहीत.

"कुनी हात लावायचा न्हाई. मागं सरा."

"आबा, तुमीच बाजूला व्हा," मोटरसायकलवरचा एक पोरगा म्हणाला. "लेक्चर नंतर द्या. साखळी लावली की काम झालं."

"साखळी मी लावली हुती," दीर म्हणाले. "ह्याच जाग्याला. माझी बायकू खाली हुती."

ट्रॅक्टरवाल्यानं साखळी खाली ठेवली.

मग दिरांनी पाट रचले. त्यांनी ते रचताना कधी बघितलं नव्हतं, त्या दिवशी ते ब्रेकवर पाय दाबून बसलेले होते आणि त्यांची नजर समोर. पण मी पडवीत चळत लावली होती ती तशीच, सुलटा-उलटा, आडवा-उभा. येता-जाता बघत असणार. मी काही सांगितलं नाही. एकदाच म्हणाले, "चाकाच्या अंगाला बी." ते म्हणाले, "हां." त्या मोटरसायकलवाल्या पोरानं हातोहात पाट पुढं दिले. चिखलाची रेघ दिरांनी स्वतः ओढली आणि त्याच पोराला तिथं बसवलं. "हिकडंच बघायचं. मोबाईल खिशात."

नंतर ते खिडकीपाशी गेले आणि ड्रायव्हरच्या डोक्याशी उभे राहिले. आमच्या दिरांचं हिंदी म्हणजे काय सांगावं.

"तुमारा गाव किधर हाय?"

"यूपी में, चाचा. पैर... पैर नहीं हिल रहा."

"हिलाना नको. खेती हाय क्या?"

"है थोड़ी।"

"क्या लावते?"

"गन्ना।"

"हमारे इधर बी ऊसच हाय," दीर म्हणाले. "डोळा मिटना नको. बोलते रहो. घर में कोन कोन हाय?"

आणि तो बोलत राहिला. आई, दोन बहिणी, भावाचं लग्न ठरलेलं, म्हशीला रेडी झालेली. दीर प्रत्येकाला हूं म्हणत होते. क्रेन येईपर्यंत त्यांनी त्याला गप्प बसू दिलं नाही. क्रेननं वरून धरलं, पाट खालून होतेच, पत्रा कापून त्याला काढला. पाय मोडला होता. अँब्युलन्समध्ये घालताना तो माणूस दिरांचा शर्ट सोडेना. दिरांनी एक-एक बोट काढून त्याचा हात सोडवला, जपून, काटा काढतात तसा.

सगळे गेल्यावर दीर चारीत उतरले. मी काठावर उभी. एक-एक पाट पाण्यात बुडवून हातानं चोळून धुतला, काठावर उभा केला. तडकलेला शेवटी धुतला. त्या चिरेत चिखल बसला होता, तो गवताच्या काडीनं काढला. मग सगळे घरी आणले, दोन-तीन खेपा करून, मला एकही उचलू दिला नाही. चळत होती तशी लावली. तडकलेला मात्र लावला नाही. तो हातात धरून उभे राहिले.

मी चूल पेटवली होती. गॅस आहे, पण भाकरी मी चुलीवरच करते. दीर आत आले, स्वयंपाकघरात, जिथं ते बायको गेल्यापासून आले नव्हते. पाट भिंतीशी ठेवला आणि त्यावर बसले.

"ओला हाय भावजी," मी म्हणाले.

"असू द्या."

मी ताट पुढं ठेवलं. समोरची भिंत मोकळी होती. त्यांनी तिकडं बघितलं, मग भाकरीचा तुकडा मोडला, आणि तो हातातच राहिला.

"वैनी."

"हां."

"ती काय म्हनली हुती?"

मी तव्यावरची भाकरी उलटली, आणि त्यांना सुरुवातीपासून सगळं पुन्हा सांगितलं, एकही वाक्य न गाळता.